पहिली वाटी चिरणाऱ्यांची

विळ्या घेऊन पाच-सहा बायका एका सतरंजीवर बसल्या की चिरलेल्या भाजीपेक्षा किस्सेच जास्त निघतात. भाजी त्याच दिवशी संपते. किस्से उरतात आणि पुढच्या लग्नात पुन्हा गरम करून वाढले जातात!

मध्य प्रदेशातल्या आमच्या सौंसरच्या गल्लीत कोणाकडेही कार्य निघालं की वांग्याची भाजी आम्हीच चिरतो. मी तहसिलीत टायपिंग करते, पण गल्लीत माझी ओळख 'बारीक चिरणारी' अशीच आहे. आमचे नियम दोन. विळी आपापली आणायची, आणि भाजी शिजली की पहिली वाटी चिरणाऱ्यांची. नवरदेवाचा बाप जरी आला तरी त्याचा नंबर मागून!

यंदाच्या उन्हाळ्यात मात्र आमच्या वनिताच्या पोरीचं, पायलचं लग्न ठरलं आणि वरपक्षानं निरोप पाठवला की जेवणात वांगं नको. झालं! गल्लीत दुसरा विषयच उरला नाही. पण ते सांगायच्या आधी आमची माणसं कशी आहेत ते सांगते, म्हणजे पुढे जे घडलं त्याचं नवल वाटणार नाही.

*

शांताकाकू आमच्यात सगळ्यांत मोठ्या. त्यांचे गुडघे दुखायला लागले म्हणून मुलगा दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर बाहेरचे, हिंदी बोलणारे. म्हणाले, "अम्माजी, बैंगन बंद."

काकूंनी साडीचा काठ खाली ओढून गुडघे झाकले. "गुडघे माह्ये, वांगं माह्या वावरातलं. तुमचं काय जाऊन राहिलं?"

मुलानं पांढुर्ण्याचा डॉक्टर दाखवला. तोही तेच म्हणाला. मग काकूंनी हट्टानं नागपूर गाठलं. तिथला डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाला, "थोडंसं खाल्लं तर चालेल."

परतीच्या गाडीत काकू मुलाला म्हणाल्या, "पाह्य, हा डॉक्टर शिकलेला आहे!"

गुडघे आजही दुखतात. काकूंचं 'थोडंसं' चुलीवरच्या एका मोठ्या गंजात मावतं.

*

एकदा समाजभवनात पोषण आहाराचं शिबिर झालं. बाहेरून एक मॅडम आल्या होत्या, स्वभावानं गोड. पडद्यावर रंगीत ताटं दाखवून झाल्यावर त्यांनी पिशवीतून खरीखुरी ब्रोकोली काढली आणि काकूंच्या हातात दिली. "काकू, ही फक्त दोन मिनिटं वाफवून आणा. मीठ-मिरी, बाकी काही नको."

काकू आणि वनिता मागच्या चुलीकडे गेल्या. दोन मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. मॅडमचं प्रोटीन संपलं, व्हिटॅमिन संपलं, तरी दोघींचा पत्ता नाही. मग एकदम खोबरं-खसखस भाजल्याचा वास आला आणि सगळं शिबिर मागे वळून बघायला लागलं.

काकूंनी मॅडमसमोर वाटी ठेवली. वर लालभडक तर्री, खाली काय आहे ते दिसतच नव्हतं. मॅडमनी घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, तरी दुसरा घास घेतला. मग तिसरा.

"फारच छान! कोणती भाजी आहे ही?"

"तुमचीच हाय बाई," काकू म्हणाल्या. "जराशी नरम होती, तिले हिंमत दिली!"

मी नंतर वनिताला विचारलं, "अगं, त्यांनी नुसती वाफवायला सांगितली होती ना?" ती म्हणाली, "नुसती वाफवलेली भाजी पाहुण्यापुढं कशी ठेवावी? लाज नाही का वाटत?"

*

वनिता आज नगरपालिकेत नोकरीला आहे, पण लग्न होऊन आली तेव्हा ती लोकांच्या संत्र्याच्या बागांत निंदणीला जायची. झाडांच्या बुडाशी चिवळ उगवते. बारीक पानाची, जमिनीला चिकटून वाढणारी भाजी. बेसन लावून केली की भाकरीबरोबर दुसरं काही लागत नाही.

एका बागेचा मालक तणनाशक मारायला निघाला होता. वनिता पदराच्या ओट्यात चिवळ खुडत होती. तो ओरडला, "अवं, ते तण आहे, तण! काहून जमा करून राहिली?"

वनिता मान वर न करता म्हणाली, "तुमच्यासाठी तण, आमच्यासाठी जेवण. औषध उद्या मारा."

त्यानं खरंच उद्या मारलं. पुढे त्याच्याच बायकोनं वनिताला निरोप पाठवला, येताना जरा जास्त खुड म्हणून!

*

आता एक किस्सा हसण्याचा नाही. पण तो गाळला तर बाकीचे सगळे खोटे पडतील.

बऱ्याच वर्षांपूर्वी पलीकडच्या गल्लीतल्या एका मोठ्या घरी लग्न होतं. वांग्याचे ढीग पडलेले, पाण्यानं भरलेल्या कोपर-परातींत मीठ टाकून ठेवलेलं. आम्ही सतरंजीवर बसलो. वनिता नेहमीसारखी काकूंच्या बाजूला बसली, लहानगी पायल तिला टेकून. एवढ्यात घरची मालकीण आली. हसत हसत तिनं वनिताची विळी उचलली, लांब भिंतीशी नेऊन ठेवली आणि म्हणाली, "वनिताबाई, तुम्ही नका चिरू. तुम्ही नुसतं बसा."

कारण सगळ्यांना कळलं. वनिताचं घर बौद्ध, आणि तिच्या हाताचं चिरलेलं त्या घराला नको होतं. मला भयंकर राग आला.

काकूंनी आपली विळी मिटली. खट्ट! एवढाच आवाज झाला. मग माझी मिटली, मग सगळ्यांच्या.

"काय झालं बाप्पा?" मालकीण म्हणाली.

"काही नाही," काकू म्हणाल्या. "आम्ही पण नुसतं बसतो."

आणि आम्ही बसलो! गप्पा मारल्या, चहा आला तो प्यालो. आचारी येऊन येऊन बघून गेला. कोणीही एका वांग्याला हात लावला नाही. वरात वेशीपाशी आल्याची वर्दी आली तशी मालकीण घामाघूम झाली. शेवटी ती स्वतः भिंतीशी गेली, वनिताची विळी उचलून घेऊन आली आणि तिच्यापुढे ठेवली.

वनितानं विळी उघडली, पदरानं पुसली आणि पहिलं वांगं चिरलं. मग आम्ही सगळ्यांनी असा हात चालवला की वरात दारात येईपर्यंत भाजीला उकळी फुटली होती.

त्या दिवशी पहिली वाटी काकूंनी पायलला दिली.

*

तर त्या पायलचं लग्न. ती आता नर्स आहे, बोलायला आईपेक्षा काकूंवर गेलेली. मुलगा नागपूरचा, अमोल, साधा आणि कमी बोलणारा. घरात सगळा कारभार त्याच्या मामांचा. हॉल बघायला मामाच आले आणि त्यांनी कारण सांगितलं.

"आपल्याकडे लग्नात नवरा-नवरी पांढऱ्या कपड्यांत. वऱ्हाडी पण पांढऱ्यात. वांग्याची तर्री सांडते, डाग पडतात, फोटो खराब होतात. पनीर ठेवा. केटरर मी सांगतो."

वनितानं मान हलवली. नवरा हयात नाही, पोरीकडची बाजू, चांगलं स्थळ. मामा निघताना म्हणाले, "वांगं शिजलं तर वऱ्हाड जेवणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

ते गेल्यावर वनिता काकूंच्या ओट्यावर येऊन रडली. "जाऊ द्या काकू. एका भाजीपायी पोरीचं लग्न मोडलं तर?"

पायल दारात उभी होती. "आई, पनीर ठेव, काही म्हणणं नाही. पण त्या बाईनं तुही विळी भिंतीशी नेऊन ठेवली होती, ते मी पाह्यलं आहे. माह्याच लग्नात ह्या विळ्या बसल्या नाही, तर मंग कुठं बसतीन?"

वनितानं डोळे पुसले. "अन् वऱ्हाड जेवलं नाही तर?"

"तर आपल्याले जास्त पुरंल!" पायल म्हणाली.

*

लग्नाच्या सकाळी केटररनं आम्हाला हॉलच्या आत चूल मांडू दिली नाही. बाहेरची भाजी आत चालणार नाही म्हणे. ठीक आहे! आम्ही हॉलच्या भिंतीबाहेर, गेटला लागून कडुनिंबाखाली सतरंजी टाकली. विळ्या उघडल्या. चूल पेटली. आत पनीर, बाहेर वांगं, मध्ये भिंत.

वऱ्हाड आलं ते नेमकं तर्री वर आली तेव्हा. मामा पहिल्या गाडीतून उतरले आणि त्यांचा चेहराच पडला.

"हे काय करून राहिल्या तुम्ही?"

"चिरून राहिलो," काकू म्हणाल्या. "तुमच्या जेवणात नाही, बाप्पा. आमच्या आहे. तुम्ही आत जा, पनीर थंडं होऊन राहिलं."

मामा काही बोलणार तोच मागच्या गाडीतून अमोल उतरला. पांढरा झब्बा, पांढरा पायजमा, गळ्यात हार. सरळ चुलीपाशी आला आणि म्हणाला, "काकू, मले एक वाटी द्या ना."

आम्ही सगळ्या काकूंकडे बघायला लागलो. वनिताचा जीव तर टांगणीला लागला होता. जावई मागतो आहे! काकूंनी शांतपणे सांगितलं, "पहिली वाटी चिरणाऱ्यांची."

अमोलनं हार काढून मामांच्या हातात दिला. सतरंजीवर बसला, वनिताची विळी ओढली आणि उरलेलं एक वांगं चिरलं. इतकं वाईट की फोडी कुठल्या आणि देठ कुठला ते कळेना! पण चिरलं. काकूंनी वाटी भरली. त्यानं तिथेच बसून फुरका मारला आणि व्हायचं तेच झालं. झब्ब्याच्या छातीवर, बरोबर मधोमध, लाल डाग.

मामांनी डोक्याला हात लावला. "सांगितलं होतं! सांगितलं होतं का नव्हतं? आता फोटो कसे काढायचे?"

आत स्टेजवर बुद्धवंदना झाली, लग्न लागलं. डाग लपवायला मामांनी हार सारखा वर ओढला, उपरणं मागवलं, फोटोग्राफरला बाजूनं काढायला सांगितलं. पायल पांढऱ्या साडीत शेजारी उभी राहून हे सगळं बघत होती. तिनं अमोलच्या छातीवरचं उपरणं काढून बाजूला ठेवलं आणि आईला हाक मारली.

"आई, वाटी आण."

वनिता वाटी घेऊन आली. पायलनं तर्रीत बोट बुडवलं, आपल्या पांढऱ्या पदरावर, बरोबर छातीशी टेकवलं आणि फोटोग्राफरकडे वळून म्हणाली,

"हं. आता काढा, समोरून!"