शेजारणीचा अंगठा

बाळांनो,

तुमचा तक्ता मिळाला. भारत, नेपाळ, श्रीलंका अशा तीन ओळी, आणि म्हातारपणी सरकारकडून कुणाला काय मिळतं याचे रकाने. आपल्या देशाची ओळ मी तपासावी, असं तुम्ही लिहिलंत. नेपाळात ठरावीक वय झालं की गरीब-श्रीमंत न बघता भत्ता देतात, आपल्याकडे आधी गरिबांच्या यादीत नाव लागतं, हे बरोबर आहे. पण यादीत नाव असूनही पेन्शन का थांबते, याला तुमच्याकडे रकाना नाही.

आपल्या शेजारची बाई जन्मभर केळीच्या बागेत राबत आली आहे. तिची पेन्शन तीन महिने बंद आहे. तिच्या शुगरच्या गोळ्या त्याच पैशांतून येतात. जिवंत असल्याची खात्री म्हणून मशीनवर अंगठा लावून जा, असा निरोप आला. तुमच्या आजोबांच्या कागद कारखान्याची पेन्शन मला मिळते. त्यासाठी मी फोनसमोर चेहरा धरते, घरबसल्या काम होतं. तिच्या पेन्शनला ती सोय नाही, तिला रिक्षा करून जावं लागतं.

मी सोबत जायचं ठरवलं. आदल्या दिवशी तिचे हात पाहिले, केळीच्या चिकाने काळे पडलेले. आयुष्यभर शाळेत मुलांची नखं तपासलेली मी, म्हटलं, "असे हात घेऊन सरकारी कामाला जाऊ नये." टाचा घासायची माझी वजरी दिली, लिंबू दिलं. तिने अंगठे लाल होईपर्यंत घासले.

मशीनवरच्या माणसाने दोन्ही अंगठे चार-चार वेळा दाबून पाहिले. "अम्मा, लकीरें ही नहीं बचीं. किससे घिसा?"

"अरे, मी जिती बसली हाय ना तुझ्यासमोर!" ती म्हणाली. "का भूत आलं रिक्षात बसून?"

तो हसला. पंधरा दिवस चीक नको, राख नको, भांडी नकोत, कातडी भरली की या, म्हणाला.

परतताना ती आपल्या वयालाच बोल लावत होती. उतरल्यावर मी सांगितलं, "वजरी माझी होती. चूक माझी."

ती म्हणाली, "मंग बाई, पंधरा दिवस माझी भांडी तुम्हीच घासा."

मला थट्टा वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या भांड्यांची टोपली माझ्या ओट्यावर होती.

आज चौथा दिवस. कंबर धरते, तक्ता तसाच पडला आहे. ती बागेत जात नाही, म्हणजे मजुरीही बुडते आहे. येते, शेजारी बसते, घासलेलं पातेलं उलटंपालटं करून बघते आणि कधीकधी पुन्हा घासायला परत देते. पंधरा दिवसांनीही मशीनने अंगठा घेतला नाही तर काय करायचं, हे मी तिला विचारलेलं नाही. तीही विचारत नाही.