मावशीच्या पायांवर

मुकुटबनला आमच्या घरामागे राहणाऱ्या मावशीइतकी बिनघाईची बाई मी उभ्या यवतमाळ जिल्ह्यात पाहिली नाही. डोळ्यांदेखत बस सुटली तरी ती म्हणे, "जाऊ द्या, तिले काम असन." चूल पेटली नाही तर फुंकर न घालता "काहून रुसली वं?" असं विचारून शेजारी बसून राही. चूल पेटे, हे मी स्वतः पाहिलं आहे. मोलानं कापूस वेचायची, पण झाडाशीसुद्धा बोलून मग हात लावायची.

मुलांनो, धाकटीच्या बाळंतपणासाठी तुमची आई नागपूरला होती आणि अडीच वर्षांचा थोरला माझ्याकडे, आजीकडे. मी निळं प्लास्टिकचं पॉट आणलं, भिंतीवर वेळापत्रक लावलं. आठ वाजून दहा मिनिटांनी पॉट. पॉट दिसलं की हा काठीसारखा ताठ होई. तीन दिवस त्यानं शी दाबून ठेवली. पोट ढोलासारखं झालं. "उद्यापर्यंत झाली नाही तर घेऊन या," असं डॉक्टर म्हणाले. मी इतकी घाबरले, की त्याचे खांदे धरून त्याला खाली दाबू लागले.

कुंपणापलीकडून मावशी ओरडली, "बाई, कायले दाबता त्याले? बोंड उकलाच्या आधी ओढलं त कवडी हाती येते!" कवडी म्हणजे कडक, डागाळलेला कापूस. त्या वर्षी अळीनं निम्मी बोंडं उकललीच नव्हती, तरी हिचा वाट पाहण्यावरचा विश्वास शाबूत होता.

ती आली, अंगणात पाय पसरून बसली आणि थोरल्याला आपल्या दोन पायांवर बसवून तिनं मधे पॉट सरकवलं. "पायांवर? शी!" मी म्हटलं.

"पाय धुता येते, बाई." मग तिनं पदर डोळ्यांवर ओढला. "आमी नाई पाहून राह्यलो, राजा. बाई, तुमीबी पाठ फिरवा. कोणी पाह्यलं त मलेबी होत नाई."

आयुष्यभर शाळेत पोरांना भिंतीकडे तोंड करून उभं करणारी मी, भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. मावशी अर्धा तास आपल्या कोंबड्यांची भांडणं सांगत होती. एकाएकी थोरल्यानंच टाळ्या वाजवल्या. चार दिवस असे गेले. पाचव्या दिवशी तिनं एकेक पाय हळूच काढून घेतला, त्याला कळलंही नाही.

संध्याकाळी तुमच्या आईचा फोन आला. मी म्हटलं, "अगं, वेळापत्रक! शिस्त लावली की सगळं होतं." वळून बघते तर दारात मावशी, हातात तुरीच्या शेंगा. "खरं हाये," ती हसली, "तुमच्या घड्याळानंच केलं." त्यात टोमणा नव्हता. असता तर मी लगेच चूक कबूल केली असती.

उद्या फोनवर खरं सांगू, असं मी ठरवलं. पण अळीमुळे त्या हंगामात दुसरी वेचणी निघालीच नाही, मोलाचं काम संपलं. मावशी फुलसावंगीला लेकीकडे गेली ती परतली नाही. तुमची आई अजून चारचौघांत माझ्या शिस्तीचं कौतुक करते आणि मी दर वेळी हसते. थोरल्या, हे तिला वाचून दाखव. माझ्या तोंडून अजून निघत नाही.