शिवगंगाकाकूंचं बिनमातीचं छप्पर

शिवगंगाकाकूंच्या हॉलवर सिमेंटचा स्लॅब का नाही, हे अख्ख्या गल्लीचं मला विचारून झालंय. माझं झेरॉक्सचं दुकान हॉलच्या बरोबर समोर, त्यात काकू माझ्या गावच्या, म्हणून उत्तर द्यायचा मक्ता माझ्याकडे. कुणी म्हणायचं बाई चिक्कू आहे, कुणी म्हणायचं बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. मी वैतागून म्हणायचो, मला काय विचारता, बाईंनाच विचारा की. तेवढी छाती मात्र कुणाची नव्हती.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. तिकडे घरं दगडमातीची आणि वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. पावसात गळू नये म्हणून दर उन्हाळ्याच्या शेवटी गढीची पांढरी माती आणून वर नवा थर द्यायचा. जुना थर कुणी काढत नसे. काकूंचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. त्या पदर खोचून टोपल्यांवर टोपल्या वर चढवायच्या, पाणी शिंपून माती चोपायच्या. गावातलं सगळ्यात जाड माळवद त्यांचं आणि त्यांना त्याचा तोरा होता. भर वैशाखात त्यांच्या घरात शिरलं की माठाशेजारी बसल्यासारखं गार वाटायचं. माझा बाप शेषेराव कामाचा कंटाळा करण्यात पटाईत. आमचं घर दर पावसाळ्यात गळायचं आणि काकू शिडीवरूनच टोमणा मारायच्या, "शेषेराव, औंदा तरी दोन टोपल्या टाका की. लेकरं भिजून राहिलीत."

त्र्याण्णवच्या गणपती विसर्जनाला काकू देवणीला माहेरी होत्या, भावजयीच्या बाळंतपणासाठी. त्यांची लेक जगदेवी हिला मिरवणूक बघायची होती, म्हणून ती बापाजवळ राहिली. पहाटे जमीन हलली. आमचंही माळवद कोसळलं, पण त्यावर माती थोडी होती. लोकांनी आम्हाला हातांनी ओढून बाहेर काढलं. बापाचा पाय गेला, जीव राहिला. शेजारी मात्र माती उपसता उपसेना. काकू पोचल्या तेव्हा दुपार झाली होती आणि लोक अजून उपसतच होते. त्या रडल्या नाहीत. ढिगाऱ्यातलं मातीचं एक ढेकूळ त्यांनी उचललं. त्यात दरवर्षीचा थर वेगळा दिसत होता. ते हातात धरून त्या कितीतरी वेळ उभ्या होत्या.

जगदेवीला पुढे लातुरात शिकवायचं, म्हणून काकूंच्या नवऱ्याने बार्शी रोडला एक प्लॉट घेऊन ठेवला होता. काकूंना मागे उरलं ते एवढंच. दहा-बारा वर्षांत त्या भागात क्लासेसचं पेव फुटलं. गावोगावची पोरं डॉक्टर व्हायला लातुरात यायला लागली. मल्लिकार्जुन सरांना क्लाससाठी त्या प्लॉटवर बांधलेला मोठा हॉल भाड्याने हवा होता, आणि स्लॅबचा हवा होता. काकूंनी पत्र्याची कामं करणाऱ्या नासिरभाईंना बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला, "समदं खाली आलं तर पोरं मरतील का?"

नासिरभाई म्हणाले, "पत्रा हाय बाई. लागंल, पन जीव जायाचा न्हाई. मात्र गर्मी लई होईल. फोम भरलेले पत्रे येतात, हलके बी अन् थंड बी. पन ते लई महाग पडतात."

"गर्मीखाली मानूस दबत न्हाई," काकू म्हणाल्या. साधे पत्रे पडले.

लातूरचा उन्हाळा काही काकूंचं ऐकणारा नव्हता. हॉल सकाळी दहापासूनच तापायचा. पत्र्याला चुना मारला, तो पहिल्या वळवात धुऊन गेला. आतून थर्माकोल लावलं, त्यात उंदरांनी संसार थाटले. पंखे गरम हवा खाली ढकलत राहायचे. एप्रिलातल्या एका दुपारी हदगावची पूनम बाकावरून खाली कोसळली. उष्माघात. पोरगी वाचली, पण तिच्या वडिलांनी तिला नेलं ते परत पाठवलंच नाही. काकू दिवसभर दवाखान्याच्या पायरीवर बसून होत्या. मी चहा नेऊन दिला, तो तसाच निवला. "मी दोन्हीकडनं मारनारीच," त्या म्हणाल्या.

पुढच्याच आठवड्यात त्या भावाच्या दिवसकार्याला देवणीला गेल्या. मल्लिकार्जुन सर काही वाईट माणूस नव्हते. पुन्हा कुणी पोर कोसळू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. खेड्यातलेच ते, त्यांना जुनी युक्ती आठवली. पत्र्यावर तुरीच्या काड्या अंथरल्या, वर माती टाकली, पाणी मारलं. मी समोरून बघत होतो. मी अडवलं, तर म्हणाले, "गारवा बघितल्यावर काकूच खूष होतील."

काकू परतल्या त्या थेट हॉलमध्ये शिरल्या. मी मागोमाग गेलो. आत खरंच गार होतं. ओल्या मातीचा वास येत होता. दारातच काकूंनी डोळे मिटले आणि त्यांचा चेहरा असा सैल झाला, जसा मी लहानपणानंतर कधी पाहिला नव्हता. पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मावशी, आता लई बरं वाटून राहिलं." काकूंनी डोळे उघडले. वर पाहिलं.

"भाईर व्हा," त्या हळूच म्हणाल्या. "समदे."

सर समजावत होते, त्यांनी ऐकलं नाही. भर दुपारी शिडी लावली, टोपली घेऊन वर चढल्या आणि माती खाली फेकायला लागल्या. रस्त्यावर गर्दी जमली, काहीजण हसत होते. मी अर्ध्या शिडीवर जाऊन म्हणालो, "काकू, उतरा. ऊन लागंल. नासिरभाईला बोलावतो, पेलतंय का ते बघू द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले होते.

"तुझा बाप आळशी, म्हनून तू हायस, दया," त्या म्हणाल्या. "मी कामाची व्हते."

मी वर गेलो आणि टोपली धरली.

क्लास महिन्याभरात स्लॅबच्या इमारतीत गेला. हॉल आता सोयाबीनच्या पोत्यांचं गोदाम आहे. गावाकडे माळवदावर माती घालायचे त्या दिवसांत काकू आजही शिडी लावतात आणि पत्र्यावर वर्षभर बसलेली धूळ झाडून काढतात. आत फक्त पोती आहेत, असं मी एकदा म्हणून पाहिलं.

"धूळ म्हंजी मातीच की रे," त्या म्हणाल्या.

तेव्हापासून खाली शिडी धरायला मी उभा राहतो.