अक्काच्या कणसांचा लिलाव

देवाशी भांडावं असं मला कधी वाटलं नव्हतं, पण यंदाच्या सुगीत रोज भांडलो. सोलापुरात माझा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना आहे. बरा चालतो. चर्चमध्ये पहिल्या रांगेत खुर्ची असते, लोक ‘सलाम शेठ’ म्हणतात. आणि आई गेल्यावर जिनं मला वाढवलं ती माझी थोरली अक्का मंद्रूपला कोरडवाहू तुकड्यावर नि दोन शेळ्यांवर राहते. तिच्या हृदयाची झडप खराब झाली होती. ऑपरेशन लांबवू नका, नाहीतर आमच्या हातात काही राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी म्हटलं, सगळा खर्च माझा. तर अक्का म्हणाली, “तुजा पैसा तुज्यापाशी ऱ्हाऊ दे. माजा परभू हाय की.”

मी चिडलो. शास्त्रच काढलं. शहाण्याला देव धन आणि मान देतो, आपल्या मिळकतीनं देवाचा सन्मान करावा, असं त्यात आहे की नाही? अक्कानं लगेच उंट आणि सुईचं नाक काढलं: उंट एक वेळ सुईच्या नाकातून जाईल, पण श्रीमंत देवाच्या राज्यात जाणं कठीण. घ्या! दोन्ही एकाच शास्त्रातलं. माझी झोपच उडाली. कारखान्यात मशिनी चालू असायच्या आणि मी त्यांच्यामधून नुसत्या येरझाऱ्या घालायचो. प्रभू, हे तूच दिलंस ना? मग माझ्याच बहिणीला ते विषासारखं का वाटतं? वाईट असेल तर काढून घे, चांगलं असेल तर तिच्या गळी उतरव. ही माझी प्रार्थना. प्रार्थना कसली, दमदाटीच ती.

अशात कापणीचा सण आला. आमच्यात त्या दिवशी जो तो आपलं पहिलं पीक वेदीपुढं आणून ठेवतो आणि उपासनेनंतर मांडवात त्याचा लिलाव होतो. साध्या भोपळ्यालाही लोक हौसेनं भलती बोली लावतात, पैसे चर्चला जातात. अक्का दरवर्षी ज्वारीच्या कणसांची जुडी आणते आणि दरवर्षी ती मीच घेतो, चांगल्या खणखणीत आवाजात. त्यामुळे त्या जुडीला दुसरं कुणी बोलीच लावत नाही.

यंदा अक्का दम खात, थांबत थांबत मांडवात पोचली. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी लिलावासाठी जुडी वर धरली. मी ठरवूनच आलो होतो, अशी बोली लावायची की मंडळी बघत राहतील आणि अक्काला माझ्या पैशाचा मान राखावाच लागेल. उभा राहिलो, आणि तोंडातून शब्दच फुटेना. तेवढ्यात मागून आवाज आला, “मी देते पन्नास.” नऊवारीतली एक बाई, काखेत बोचकं. आमच्यातली नव्हती, उन्हाची सावलीला आलेली. मंडळी हसली. साहेबांनी माझ्याकडं पाहिलं, थांबले, पुन्हा पाहिलं. शेवटी जुडी त्या बाईला दिली.

“कुणाच्या रानातली वं?” तिनं विचारलं. कुणीतरी अक्काकडं बोट दाखवलं. ती सरळ गेली आणि जुडी अक्काच्या मांडीवर ठेवली. “घ्या. लई दम लागलाय तुमाला. भाकरी करून खावा.”

अक्का दचकली. “न्हाय न्हाय, देवाला दिल्यालं माघारी कसं घिऊ?”

“अगं बया! देताना ग्वाड वाटतं आन् घेताना लाज वाटती व्हय?”

अक्का पदरानं तोंड झाकून रडायलाच लागली. मी पाणी आणायला धावलो, परत येईपर्यंत बाई निघून गेली होती. रस्त्यापर्यंत जाऊन पाहिलं. कोण, कुठली, कुणालाच ठाऊक नाही. त्यावर मी जास्त बोलत नाही.

अक्का पाणी प्याली, जुडी छातीशी धरून म्हणाली, “दवाखाना कुटं हाय तुजा? चल. पन उपकार केल्यावानी तोंड करून फिरू नगंस.”

ऑपरेशन झालं, अक्का बरी आहे. शास्त्रातल्या त्या दोन शिकवणींची सांगड मला अजून घालता येत नाही. अजूनही एखाद्या दुपारी येरझाऱ्या सुरू होतात. एवढं मात्र कळलं की तिची गरिबी आणि माझी श्रीमंती, दोघींच्याही माना सारख्याच ताठ होत्या, आणि प्रभूनं त्या एकाच मांडवात वाकवल्या. त्याचे उपकार किती मानू!

परवा अक्का घरी आली. फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी, त्याच जुडीच्या ज्वारीच्या. ‘कशाला ओझं आणलंस, इथं सगळं मिळतं की,’ हे माझं नेहमीचं वाक्य ओठांवर आलंच होतं. ते गिळलं आणि दोन्ही हात पुढं केले.