मामांची घोडी आणि माझा तक्ता

लिहावं इतकं माझं वाचन नाही, घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण कापलेल्या घासाचा वास आला की मामांची घोडी आठवते. मामा कोल्हारला टांगा चालवायचे. बहात्तरच्या दुष्काळात चारा मिळेना, तेव्हा पुण्याच्या रेसवर एक डाव लावून घोडीला जगवायचं त्यांनी ठरवलं आणि मला सोबत नेलं. मामा घोडा पारखायचे ते कान, छाती आणि श्वास बघून. मी मात्र कॉलेजातलं गणित वापरून, मागच्या शर्यतींच्या वेळा आणि पाठीवरचं वजन मांडून नवाच तक्ता केला होता. घोडे फिरवत होते तिथे मामा कठड्याला टेकून म्हणाले, “ती काळी बघ. दम कसा थंड हाय! हीच पळंल.” मी चाचरत म्हणालो, “मामा, तक्त्यात तांबडा पुढं येतोय.” ते हसले. “मग तांबडाच. आमी आडानी मानसं, तुमी शिकल्याली.” काळी पहिली आली. एसटीत मामा एवढंच बोलले, “भाच्या, घरी तू काय बोलू नको. मी सांगतो.” त्याच आठवड्यात त्यांनी राहात्याच्या बाजारात घोडी विकली. आज गणित घेऊनच मी शेवटच्या वर्षाला आहे. परवा मामींचं पत्र आलं. घोडी नव्या मालकाकडे महिनाभरातच मेली होती, मामांनी ते मला कळू दिलं नव्हतं, आणि कुणी विचारलं तर ते अजून सांगतात, “माझीच नजर चुकली.”