‘नो ट्रबल’ची दुरुस्ती

परवा फोनवर तुम्ही दोघांनी एकदमच विचारलंत, "आजी, त्या दिवशी तू सगळ्यांना काय सांगत होतीस?" मी हवापाण्याचा विषय काढून वेळ मारून नेली. मेलबर्नला बसून तुम्ही तो दिवस व्हिडिओवर पाहिलात, पण आवाज येत नव्हता. तुम्हाला दिसलं ते एवढंच, की आजी पांढऱ्या साडीत उभी आहे, समोर माणसांची लांब रांग आहे, आणि प्रत्येकाचा हात हातात घेऊन आजी हसऱ्या चेहऱ्याने काहीतरी म्हणते आहे. मी काय म्हणत होते ते इथे आत्याच्या गावी, ओंगारमध्ये, आता सगळ्यांना ठाऊक आहे. मग तुमच्यापासूनच का लपवायचं? क्रमाने सांगते.

तुमची आतेबहीण फेब्रुवारीत गेली. आठ वर्षांची होती. रक्ताच्या आजाराबद्दल तुम्हाला तुमच्या बाबांनी सांगितलं आहे, ते मी पुन्हा लिहीत नाही. तिच्या आजारपणात मी इथे राहायला आले, आणि दिवसभर अंथरुणात पडून कंटाळलेल्या त्या मुलीने माझं इंग्रजी तपासायला घेतलं.

मी नाशिकला तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. तिच्या मते ते "खूप जुनं" होतं. मी कबर्ड म्हटलं की ती म्हणायची, "आजी, इट्स अ प्रेस." मला प्रेस म्हणजे एक तर इस्त्री, नाही तर वर्तमानपत्रवाले. इथे प्रेस म्हणजे भिंतीतलं कपाट. एकदा शेजारच्या बाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "युअर मॅन आज फार उशिरा आला." मी त्यांना शांतपणे सांगितलं की माझे यजमान जाऊन सहा वर्षं झाली. बाई पांढऱ्याफटक पडून घरात गेल्या. त्या बिचाऱ्या पोस्टमनबद्दल बोलत होत्या. इथे कुणाही माणसाला ‘युअर मॅन’ म्हणतात. हे ऐकून तुमची आतेबहीण इतकी हसली की घरी तपासायला आलेली नर्स मलाच रागावली.

मग तिने एक यादी करून फ्रिजवर चिकटवली. प्रेस म्हणजे कपाट. युअर मॅन म्हणजे कुणीही. ग्रँड म्हणजे ठीक. गिव्हिंग आउट म्हणजे रागावणं. मी चुकले की त्या शब्दापुढे फुली मारायची, आणि तीही हिरव्या शाईने. "लाल शाईने मुलांना वाईट वाटतं, असं आमच्या टीचर म्हणतात." मी तीस वर्षं लाल शाई वापरली होती.

आता तो दिवस. इथे अंत्यविधीआधी देह एका खास जागी ठेवतात आणि लोक रांगेने भेटायला येतात. तिची अख्खी शाळा आली होती. बाहेर पावसात गणवेशातली मुलं दोन बाजूंना ओळीने उभी होती, कुणी हलत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. आत आम्ही तिघं, मी, तुमची आत्या आणि आतोबा. रांगेत सर्वांत पुढे शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "सॉरी फॉर युअर ट्रबल."

मला वाटलं, एवढी माणसं, ओल्या छत्र्या, सतरंजीवर चिखल, त्याबद्दल बाई दिलगिरी व्यक्त करताहेत. आमच्या सातवीच्या पुस्तकात सभ्य संभाषणाचा एक पाठ होता. ‘सॉरी फॉर द ट्रबल’ असं कुणी म्हटलं तर काय उत्तर द्यायचं, हे मी पोरांच्या जोड्या लावून घोकून घेतलेलं. मी ताबडतोब म्हणाले, "नो ट्रबल ॲट ऑल."

पुढच्या माणसानेही दिलगिरी व्यक्त केली, आणि त्याच्या मागच्यानेही. मी मनात म्हटलं, काय सभ्य लोक आहेत, प्रत्येकाला चिखलाची काळजी! दीडशे तरी माणसं असतील. तेच वाक्य पुन्हा पुन्हा वापरणं ही निबंधातली मोठी चूक, म्हणून अधूनमधून मी "नॉट ॲट ऑल" म्हणत होते. काठी टेकत आलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना तर म्हटलं, "एनी टाइम."

पुढचे अकरा दिवस आमच्या घरी चूल पेटली नाही. आपल्याकडे सुतकात शेजारी पिठलं-भात आणून देतात, ते मला ठाऊक होतं. इथे ते कसं होणार म्हणून मी नाशिकहून आणलेली मेतकुटाची पिशवी बाहेर काढून ठेवली होती. ती उघडावीच लागली नाही. रोज संध्याकाळी बेल वाजायची, दार उघडावं तर पायरीवर काचेचं भांडं, वर चांदीचा कागद, आणि त्यावर ‘व्हेजिटेरियन’ लिहून खाली दोन रेघा. शाळेतल्या पालकांनी पाळ्या लावल्या होत्या. प्रत्येक भांड्यात लझानिया. पहिल्या दिवशी लझानिया, पाचव्या दिवशी लझानिया. लझानिया हे इथलं पिठलं आहे, असं मी ठरवून टाकलं.

आठव्या दिवशी तुमच्या आतोबांनी विचारलं, "आई, आज काय आलंय?"

"पिठलं."

त्यांनी हळूच कागदाचा कोपरा उचलून आत पाहिलं आणि म्हणाले, "हो. पिठलंच."

तिच्या वर्गाच्या टीचर दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर येत. मुलांनी काढलेली चित्रं आणत, स्वयंपाकघरात बसून चहा घेत, आणि फार काही बोलत नसत. जाताना मात्र एक सांगत. वर्गाच्या दाराशी खुंटीवर तिचा निळा रेनकोट होता तसाच आहे, कुणी हलवलेला नाही. तुम्हाला यावंसं वाटेल तेव्हा या, म्हणत.

तुमच्या आत्याला यावंसं वाटत नव्हतं. शाळा घरापासून पाच मिनिटांवर, आणि दुधाचं दुकान त्याच रस्त्यावर. ती गाडी काढून पार दुसऱ्या चौकाला वळसा घालून जायची. दूध आणायला अर्धा तास. माझं परतीचं तिकीट मेअखेरचं होतं, आणि मी मनाशी एकच ठरवलं होतं, की मी जाण्याआधी हिने एकदा त्या फाटकातून आत जायला हवं. नाही तर जन्मभर दुधासाठी वळसे घालत बसेल.

मी रीतसर मार्गाने सुरुवात केली. "अगं, त्यांची भांडी परत द्यायची आहेत. शाळेचे आभार मानायला नकोत का?"

"कार्ड पाठव ना, आई."

"अकरा भांडी पाकिटात घालू?"

"तू ने. मी गाडीत बसते."

मी आभाराचं पत्र लिहायला घेतलं. तीन वेळा खरडलं. सगळं व्याकरणशुद्ध, आणि वाचलं की विजेच्या बिलाच्या तक्रारीसारखं वाटायचं.

एवढ्यात शेजारच्या बाई कुंपणाशी आल्या. आता त्या माझ्याशी जपूनच बोलतात. म्हणाल्या, रविवारी चर्चमध्ये फादर तुमच्याबद्दल बोलले. एका भारतीय आजीची नात गेली, आणि जो जो सांत्वनाला आला त्याला आजी म्हणाली, नो ट्रबल ॲट ऑल! केवढी श्रद्धा, केवढा स्वीकार. सगळ्यांचे डोळे भरून आले, म्हणे.

सुरुवातीला मला बरं वाटलं, कबूल करते. मग वाटलं, चिखलाचं एवढं काय?

रात्री जेवताना मी जावयांना विचारलं, "अहो, इथे ‘सॉरी फॉर युअर ट्रबल’ म्हणजे नक्की काय म्हणतात?"

त्यांनी चमचा खाली ठेवला आणि आत्याकडे पाहिलं. "आई, ते... आपण ‘फार वाईट झालं’ म्हणतो ना, तसंच."

"ट्रबल म्हणजे?"

"म्हणजे दुःख. घरात माणूस गेल्यावरचं."

दीडशे माणसांना मी सांगितलं होतं की आम्हाला दुःख अजिबात नाही. एकाला तर म्हणाले होते, केव्हाही.

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तुम्हाला? इंग्रजीतलं?" जावई म्हणाले. "आई, आमच्या लग्नाच्या पत्रिकेतलं इंग्रजी तुम्ही दुरुस्त करून परत पाठवलं होतं. दोनदा."

आत्याने ओढणी तोंडाशी धरली होती. मला वाटलं रडते आहे. बघते तर हसत होती, तीन महिन्यांत पहिल्यांदा. "आई, पहिल्याच बाईंना तू म्हणालीस तेव्हाच मला कळलं. त्या रांगेत मी कशाच्या जोरावर उभी राहिले माहीत आहे? पुढचा माणूस आला, आता आई म्हणणार... आता म्हणणार... आणि ते ‘एनी टाइम’!" ती हसत राहिली, आणि मग हसणं संपून दुसरं सुरू झालं. जावई पाणी आणायला उठले, आणि बराच वेळ पाणी आणत राहिले.

मी फ्रिजवरची यादी पाहत होते. ट्रबल हा शब्द त्यात नव्हता. आठ वर्षांच्या मुलीला तो कुठून सुचणार? आणि त्या खोलीत मला सगळ्यांसमोर "आजी, नो!" म्हणून अडवणारी एकच व्यक्ती होती, ती तिथेच असूनही बोलू शकत नव्हती.

"मी शाळेत जाऊन दुरुस्ती करणार," मी म्हणाले.

"राहू दे गं. लोक तुला संत समजताहेत."

"चूक चांगली दिसते म्हणून मी आजवर कुणाची सोडलेली नाही. माझी का सोडू?"

शुक्रवारी आम्ही निघालो. भांडं रिकामं परत देत नाहीत. यंदा गोडाचं काही करायचं मनात नव्हतं, म्हणून अकरा भांड्यांत चिवडा भरला. आत्याने गाडी फाटकाबाहेर उभी केली आणि समोर बघत बसली. मुख्याध्यापिकांनी भांडी उतरवून घेतली, मी आभाराचं पत्र त्यांच्या हाती दिलं आणि मला वर्गाशी बोलायचं आहे म्हणाले.

वर्गाच्या दाराशी निळा रेनकोट होता. मी त्याच्याकडे एकदाच पाहिलं.

मुलांना मी सरळ सांगितलं. तुम्ही पावसात उभे राहिलात, तुमच्या आयांनी आम्हाला जेवायला घातलं, तुमच्या टीचर दर आठवड्याला आल्या. त्याबद्दल आभार मानायला आले आहे. आणि तुमची सगळी मोठी माणसं म्हणाली, सॉरी फॉर युअर ट्रबल, तेव्हा मला ते समजलंच नाही. मी भलतंच उत्तर दिलं.

पुढचे दात पडलेला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे तुमचं चुकलं?"

"साफ चुकलं."

"किती मार्क?"

"शून्य."

"तुमच्या शाळेत चुकलं की काय करतात?"

"बरोबर वाक्य दहा वेळा लिहावं लागतं."

सगळा वर्ग ओरडला, "टेन टाइम्स! टेन टाइम्स!" टीचर "नको, नको" म्हणत पुढे आल्या, पण नियम म्हणजे नियम. पांढऱ्या फळ्यापाशी ठेवलेलं लाल पेन मी उचललं तर एका मुलीने उठून माझ्या हातात हिरवं दिलं. मी फळ्यावर लिहिलं, ‘इट वॉज अ ग्रेट ट्रबल. थँक यू फॉर युअर हेल्प.’ मुलं मोजत होती. वन. टू. थ्री. फळा लहान मुलांच्या उंचीचा, मला वाकावं लागत होतं. चौथी ओळ लिहिताना माझ्या पदराने दुसरी ओळ स्वच्छ पुसली गेली.

"ओन्ली थ्री नाऊ!" आणि हसण्याचा असा कल्लोळ उठला की खिडकीच्या काचा वाजल्या.

खिडकी उघडी होती. बाहेर गाडीत तुमच्या आत्याने तो कल्लोळ ऐकला. आत आपली आई आहे आणि वर्ग हसतो आहे, याचा अर्थ तिने एकच काढला. फाटक, अंगण, जिना, काही न बघता ती धावत वर आली आणि दारातून मराठीत ओरडली, "आई! आता काय बोललीस?"

मी सहाव्या ओळीवर होते. तिने फळा वाचला. आपण कुठे उभ्या आहोत हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिचा हात रेनकोटाला लागत होता. ती त्या कोटाची बाही बोटांत धरून बराच वेळ उभी राहिली, मी पेन हातात धरून उभी राहिले, आणि कुणीच कुणाला घाई केली नाही.

मग ती म्हणाली, "आई, ओळी वाकड्या जातायत."

"मग तू लिही सरळ."

कोट खांद्यावर टाकून ती पुढे आली आणि माझ्या हातातून पेन घेतलं. उरलेल्या ओळी तिने लिहिल्या, मुलांनी मोजल्या. तिच्या ओळी माझ्यापेक्षा जास्त वाकड्या आल्या. मला दिसत होतं. मी काही बोलले नाही.