ही गाडी बायकांच्या हातची नव्हे

माझा स्वभाव संशयी आहे हे मला माहीत आहे, दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. दारात दुधाची बाटली वेळेवर आली तरी मी तिचं झाकण निरखून बघायचे. आमचे हे म्हणायचे, तू डॉक्टरची बायको कशाला झालीस, पोलिसात जायचं होतंस. मी म्हणायचे, घरात एकाने तरी डोळे उघडे ठेवायला नकोत का?

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही लंडनजवळ वॉटफर्डला राहत होतो. हे हॉस्पिटलात रजिस्ट्रार, आणि आमची जुनी गाडी एम.ओ.टी.मध्ये, म्हणजे तिकडच्या वार्षिक सरकारी तपासणीत, नापास होऊन कायमची गेली होती. नेमकी त्याच वेळी मला एका शाळेच्या लॅबमध्ये नोकरी मिळाली. दिवाळीच्या जरा आधी रुजू व्हायचं होतं. शाळा अशा ठिकाणी, की दोन बस बदलून गेलं तर पहिला तास बुडालाच. ड्रायव्हिंग टेस्ट मी तिसऱ्या खेपेला पास झाले होते आणि ते लायसन्स मला माझ्या डिग्रीपेक्षा प्यारं होतं. ह्यांना हॉस्पिटल बसने एका थांब्यावर. म्हणजे गाडी येणार ती एकच, आणि ती मला चालवता आली तरच नोकरी. नाहीतर मी पुन्हा घरात, खिडकीशी.

स्टेशनजवळच्या गाड्यांच्या दुकानात मी एक लाल हॅचबॅक हेरून ठेवली होती. तीन वर्षांची, लहानशी, शेजारपाजारी चौघांकडे असते तशी. तिथल्या विक्रेत्यावरही माझा भरवसा नव्हताच. पोराने आल्या आल्या फुकट कॉफी दिली, तेव्हाच मी पर्स घट्ट धरली. कुठल्याही गाडीला हात लावला की म्हणे, आधी एकाच बाईची होती, फार जपून वापरलेली. इंग्लंडातल्या सगळ्या बायका जपून वापरून गाड्या विकतच बसल्या होत्या की काय कोण जाणे. पण मी ती लाल गाडी दोनदा चालवून पाहिली, खालून वाकून पाहिली, एका ओळखीच्या मेकॅनिकलाही दाखवली. ठीक होती.

आणि अशात ह्यांच्या सरांनी आपली गाडी देऊ केली.

सर म्हणजे ह्यांच्या वरचे मोठे डॉक्टर, कन्सल्टंट, मूळचे आपल्याकडलेच, पिनरला मोठं घर. गाडी जर्मन, लांबलचक, काळी, आत लेदर, डॅशबोर्डला खरं लाकूड. दहा-अकरा वर्षांची होती, पण त्या लाल डबीच्या किमतीत मिळत होती. ह्यांचे डोळेच फिरले. दोन दिवस तोंडात तेच. ‘अगं, दार लावलं की आवाज कसा येतो, ऐक एकदा.’ मी म्हटलं, ‘दाराच्या आवाजावर शाळेत पोचता येतं का?’

मला सगळ्याचाच वास येत होता. सर स्वतः नवी गाडी घेणार, तर दुकानदार जुनी परत घेतोच की, मग आमच्यावर ही मेहेरबानी कशाला? पाणी कुठेतरी मुरत होतं. ह्यांना म्हटलं, मेकॅनिकला दाखवू. हे असे दचकले, जसं काही मी सरांची नाडी बघायला सांगितली. ‘सरांच्या गाडीची तपासणी? काय वाटेल त्यांना?’ घ्या. भीड भिकेची बहीण म्हणतात ते काही उगाच नाही. रस्त्यावरच्या परक्या पोराच्या गाडीखाली मी आडवी झाले तर चालतं, आपल्या माणसाच्या गाडीचं बॉनेट उघडायचं म्हटलं की संस्कार आडवे येतात.

वर मनातली खरी भीती वेगळीच होती. ती गाडी घरात आली की माझ्या हाती येणार नव्हती. पहिला ओरखडा पडला की किल्ली ह्यांच्या खिशात जाणार, हे मला आरशाइतकं स्वच्छ दिसत होतं.

दसऱ्याला सरांनी जेवायला बोलावलं. मुहूर्तावर सौदा करायचा आणि त्याच गाडीतून घरी जायचं, असा ह्यांचा बेत. कोटाच्या खिशात चेकबुक, माझ्या पिशवीत नारळ, चाकापुढे फोडायला. आम्ही ट्रेनने गेलो. 

आपट्याची पानं तिकडे कुठली? वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, पुढच्या कुंपणाच्या झुडपाची पानं खुडून तबकात ठेवली होती. ‘सोनं घ्या, सोन्यासारखं राहा,’ असं म्हणत सगळ्यांनी ती एकमेकांना दिली. मग सरांनी आम्हाला गाडीतून एक फेरी मारून आणली. गाडी पाण्यावरून चालल्यासारखी चालली, खोटं कशाला बोलू. परत आल्यावर जेवण, त्यावर श्रीखंड, आणि चहाबरोबर ताज्या चकल्या. दसऱ्याला चकल्या? मी लगेच मनात नोंद केली. आम्हाला मिंधं करायला खास तळल्यात. खा म्हणावं, आणि सही करा.

वहिनी मला म्हणाल्या, ‘चल गं जरा, गॅरेजमधल्या फ्रीझरमधून नारळाचा चव काढायचाय.’ मी गेले. फ्रीझर राहिला बाजूला, त्यांनी गॅरेजचं दार आतून लावून घेतलं, वाकून गाडीखालून एक वर्तमानपत्र ओढलं आणि माझ्यापुढे धरलं. त्यावर ताटाएवढा तेलाचा डाग.

‘रोज नवा पेपर घालते मी,’ त्या हळू आवाजात म्हणाल्या. ‘ह्यांना पत्ता नाही. ही गाडी म्हणजे हत्ती आहे बाई, पोसता पोसता तुमच्या नाकी नऊ येतील. घेऊ नकोस. आणि मी सांगितलं म्हणून कुठे बोलू नकोस.’

मी डागावर बोट टेकवलं. बोट तेलकट झालं. माझी खात्रीच पटली. म्हटलं, देवासारखी भेटलीस माउली.

बाहेर आले तर हे चेकबुक काढत होते. मी चहाचा कप खाली ठेवला आणि सरांसमोरच म्हणाले, ‘ही गाडी नको. मला तेलाचा वास आलाय. आणि मला शाळेत जायला गाडी हवी आहे, मी चालवणार आहे, ही हे मला चालवू देणार नाहीत.’

हे पांढरेफटक पडले. सर मात्र हसले. चकलीचा तुकडा मोडत म्हणाले, ‘तेलबिल काही नाही हो, पण तुमचं दुसरं म्हणणं बरोबर आहे. ही गाडी बायकांच्या हातची नव्हे. आमच्या हिच्याकडे पंधरा वर्षं लायसन्स आहे, पण मी तिला कधी हात लावू दिला नाही.’

 वहिनींनी मला आणखी दोन चकल्या वाढल्या.

आम्ही ट्रेननेच परत आलो. ह्यांनी आठवडाभर अबोला धरला. नारळ तसाच परत आणला होता, तो पुढच्या शनिवारी लाल गाडीच्या चाकापुढे फोडला. सरांनी ह्यांचं काही वाईट केलं नाही, हे मी सांगितलंच पाहिजे, कारण त्याचीही मला महिनाभर शंका होती.

मी शाळेत जाऊ लागले. पोराने विकलेल्या गाडीवर विश्वास नसल्याने दर रविवारी बॉनेट उघडून तेलाची पट्टी ओढून बघायचे आणि जुन्या पेपरला पुसायचे. डाग काळा पडायचा, काजळासारखा. एका रविवारी ते करून आत आले, हात धुतले आणि दिवाळीच्या चकल्या तळायला घेतल्या. पहिला घाणा पेपरवर काढला. थोड्या वेळाने चकल्या उचलल्या तर खाली ताटाएवढा डाग. पिवळसर, आरपार दिसणारा.

मी झारा हातात धरून उभीच राहिले. गॅरेजमधला डागही पिवळाच होता. काळ्याचा कुठे लवलेश नव्हता.

कॉफी देणाऱ्या पोरावर संशय घेतला, सरांवर घेतला, चकल्यांवरसुद्धा घेतला. फक्त वहिनींवर घेतला नाही, कारण त्या मला हवं तेच सांगत होत्या. मला इतका राग आला की दुसरा घाणा करपला.

नाताळच्या आधी पिनरच्या एका सुपरमार्केटच्या कार पार्कमध्ये मी जागा शोधत होते. समोरून ती काळी गाडी आली, सावकाश, झोकात. स्टिअरिंगवर वहिनी. हातात लोकरीचे मोजे, मान ताठ. शेजारच्या सीटवर कोबी आणि पाव. सरांनी नवी घेतली होती, हिला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं, आणि उभी राहून बॅटरी जाऊ नये म्हणून ‘तूच जरा फिरव’ असं सरांनीच त्यांना सांगितलं होतं. हे मला नंतर कळलं.

मी काच खाली केली. ‘काय वहिनी, गळतं का हो अजून तेल?’

त्यांनी नजर चुकवली नाही. ‘चकल्या छान झाल्या होत्या ना?’ म्हणाल्या. मग, ‘तुम्ही ती नेली असतीत, तर आज स्टिअरिंगवर कोण असतं? तू? खरं सांग.’

माझ्या मागे कुणीतरी हॉर्न वाजवला.  वहिनींनी दिवा लुकलुकवून मला आधी जायला जागा दिली आणि मी पुढे गेले.

त्यानंतर मी बावीस-तेवीस वर्षं त्या शाळेत काम केलं, तीन गाड्या जुन्या केल्या. ह्यांना मी हे कधी सांगितलं नाही. दर दसऱ्याला पाहुणे जमले की हे मोठ्या कौतुकाने सांगतात, ‘सरांची गाडी गळत होती, आमच्या हिच्या नाकाने वाचवलं.’ मी सगळ्यांना चकल्या वाढते.